मनोरा कुणाकडे पडतो

त्बिलिसी,
१८ नोव्हेंबर

प्रिय बिमुर्झाकाका,

वाखोच्या व्हॅनमधून पाठवलेलं चीज आणि मसाल्याच्या मिठाची पुडी पोचली. मीठ ऑफिसात नेलं, तर दुपारपर्यंत पुडीचा कागद तेवढा उरला. फोन तुम्हाला ऐकू येत नाही आणि वाखोकडे निरोप दिला तर तो त्यात पदरचं घालतो, म्हणून पत्रच लिहिते आहे.

बातमी अशी की आमच्या कंपनीचा व्हिडिओ गेम वसंतात बाहेर पडतो आहे. एका डोंगरी घराण्याचा मनोरा आहे, खालून सरदाराची फौज येते, आणि खेळणाऱ्यानं तो मनोरा राखायचा. काका, तो मनोरा आपला आहे. मागे मी दोराला लटकून फोटो काढत होते आणि तुम्ही खालून "उतर गं माकडे, तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" म्हणून ओरडत होता, ते याच्यासाठी. खेळात मी प्रत्येक दगड वेगळा उतरवला आहे. कुठे फुगलेला, कुठे झिजलेला, जसा आहे तसा. ऑफिसातली मुलं आता जिन्यात भेटली की विचारतात, "काय खोर्गियानी, मनोरा बरा आहे ना?"

एक विचारायचं होतं. शेजारच्या पल्यानींच्या घराकडचा जो कोपरा आहे, त्याला खाली कुठे भेग आहे का हो? सहज विचारते आहे.

थंडीत पाय सांभाळा.

तुमची,
त्सिरा

*

मुर्शेली,
२९ नोव्हेंबर

त्सिरा पोरी,

सहज म्हणून कोणी भेगेची चौकशी करत नाही. पण तू शहरात राहतेस, तिथे माणसं सहज काहीही विचारतात, म्हणून सोडून देतो.

भेग आहे. माझ्या गालावरही आहे. म्हणून मी पडलो का? ज्या मनोऱ्यापुढे सरदार आले आणि हात हलवत परत गेले, झारचा तोफखाना ज्याच्याकडे बघून खालच्या खालीच वळला, त्याला तू खाली कुठे भेग आहे का विचारतेस! मी चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. राजे शिकवले, तह शिकवले, आणि तास संपला की पोरांना खिडकीशी नेऊन म्हणायचो: पुस्तकातलं विसरलात तरी चालेल, तो समोर उभा आहे तो विसरू नका. ज्या माणसांना आपल्या भिंतींची लाज वाटते त्यांना दुसऱ्याच्या भिंतीआड राहावं लागतं. हे मी प्रत्येक लग्नात पेला हातात घेऊन सांगितलं आहे, तुझ्याही लग्नात सांगीन, पण तू ते होऊ देशील तर ना.

पल्यानींच्या दारेजानला मी तुझ्या खेळाचं सांगितलं. ती आता अंगणात उभी राहून मोठ्यानं बोलते, मला ऐकू यावं म्हणून. म्हणाली, "म्हणजे आता तुमचा मनोरा पोरं खिशात घेऊन फिरणार? मग त्याला छप्पर कशाला, बिमुर्झा, घडी घालून ठेव की!" पल्यानींचा मनोरा हिमकडा कोसळून गेला तेव्हापासून त्या घराला आमच्या मनोऱ्याकडे सरळ बघता येत नाही. आणि हातही लावता येत नाही. तुला आठवतं ना? दोन घराण्यांच्या वैरात दोन्हीकडची माणसं मेल्यावर आजोबांनी संत गिओर्गीच्या तसबिरीपुढे शपथ घेतली: आमचा हात तुमच्या मनोऱ्याला लागणार नाही, तुमचा आमच्या मनोऱ्याला. त्यांचा गेला. आता शपथेचं ओझं एकट्या त्यांच्याच हातांवर आहे. दारेजान पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देते, जर्मन लोकांना मांस भरलेली कुबदारी करून घालते, पण अंगणातला चेंडू आमच्या भिंतीला लागला तरी नातवाच्या पाठीत धपाटा घालते.

खेळात शेवटी काय होतं ते तू लिहिलं नाहीस. मनोरा राखला जातो ना?

बिमुर्झाकाका

*

त्बिलिसी,
१५ डिसेंबर

प्रिय काका,

शेवट काय, हे मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. तुम्हाला ते आवडणार नाही. खेळणारा कितीही शूर असला तरी शेवटी मनोरा पडतो. घराणं वाचतं, मनोरा जातो, अशी गोष्ट आहे. ती मी लिहिलेली नाही. मला फक्त पडणं खरं दिसेल असं करायचं काम आहे, आणि ते जमलं नाही तर माझ्या जागी दुसरी कोणी येईल.

चिडा, पण पुढचंही वाचा. मनोरा दरीकडे पडावा असं ठरलं होतं, कारण तिकडे दृश्य छान दिसतं. मी दगडांना त्यांची त्यांची वजनं दिली आणि सोडलं. तर तो दरीकडे पडला नाही. पल्यानींच्या घराकडे पडला. पुन्हा केलं, वारा उलटा दिला, खालून धक्का दरीच्या बाजूनं दिला, तरी पल्यानींच्याच घराकडे. दरवेळी तोच कोपरा आधी सुटतो. आमच्या साहेबांनी शेवटी हातानं ढकलून तो दरीत पाडला आणि प्रकरण मिटवलं.

माझ्यापुरतं मिटलेलं नाही. मी रोज तो पाडते आणि रोज तो तिकडेच जातो. काका, खेळातला मनोरा पल्यानींच्या घरावर पडतो. हे तुम्ही दारेजानकाकूंना सांगायला हवं असं मला वाटतं.

त्सिरा

*

मुर्शेली,
२४ जानेवारी

त्सिरा,

रस्ता बंद होता. वाखो आज आला, म्हणून हे आज.

तुझं पत्र मी नाताळाआधी वाचलं आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. मनोरा पडतो हे मी एक वेळ गिळीन. गोष्टीत काहीही पडतं. पण पडून पडून कुणाकडे, तर पल्यानींकडे? जो कोणाला शरण गेला नाही तो आपली सगळी बरकत त्या बाईच्या अंगणात नेऊन ओततो? दर हिवाळ्यात आपण बर्फाचा मनोरा रचतो, वरची आळी आणि खालची आळी ढकलतात, आणि तो ज्यांच्याकडे पडेल त्यांचं पीक आणि त्यांच्या गाई भरतात. गेली तीन वर्षं तो खालच्या, म्हणजे तिच्या आळीकडे पडतोय. आता दगडाचाही तिकडेच! आणि तोही माझ्या पुतणीच्या हातून!

तरी मी सांगितलं. लपवणारा मी नाही. आत्मे घरी येतात त्या रात्री दारेजान तिच्या मृतांचं ताट मांडून आमच्या मृतांना नमस्कार करायला आली, तेव्हा म्हटलं, "घे, तुझं नशीब. त्सिराच्या खेळात आमचा मनोरा तुझ्या घराकडे पडतो. दरवेळी."

तिनं डोळे विस्फारले. "दरवेळी?"

"वारा उलटा दिला तरी."

"अगं बाई! म्हणजे खोर्गियानींच्या दगडांनासुद्धा अक्कल आली म्हणायची!" आणि ती जी सुटली ती गावभर सांगत. दुसऱ्या दिवशी तिनं मनोऱ्याकडची ती बंद पडलेली ओसरीची खोली उघडली, झाडली, खाटा मांडल्या. म्हणते, भरभराट जिथे पडणार तिथेच पाहुणे झोपवायचे. बर्फावर घसरायला आलेले दोन जर्मन तिथे राहताहेत, पुढच्या महिन्यात आणखी येणार आहेत. मला खिजवायला त्यांनाही ती मनोऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगते. ते हसतात आणि फोटो काढतात.

तू विचारलं होतंस ती भेग. तिच्यातून गोठ्याकडे वारा येतो, म्हणून मी ती गवत कोंबून बंद केली. आता तळहात आत जातो. उन्हाळ्यात चुना लावीन.

तुझ्या साहेबांना सांग, दरीत पाडला ते ठीक केलं.

बिमुर्झा

*

त्बिलिसी,
३ फेब्रुवारी

काका,

हे पत्र वाखोच्या हातात देऊन मी त्याला म्हटलं आहे, तुमच्या हातातच द्यायचं आणि तुम्ही वाचेपर्यंत तिथून हलायचं नाही.

चूक माझी नाही आणि तुमचीही नाही, पण ती चूकच आहे. मी बरकतीबद्दल लिहीत नव्हते. मी दगडाच्या मनोऱ्याबद्दल लिहीत होते, काका. बर्फाचा मनोरा अंगावर पडला तर माणूस कपडे झटकून उठतो.

मी जसे फोटो काढले तसेच दगड उतरवले. त्या कोपऱ्याची फुगी मी घातलेली नाही, ती तिथे आहे. तुमचं पत्र आल्यावर फोटो पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की त्या वेळी भेग बोट जाईल एवढीच होती. आता तुम्ही लिहिता, तळहात जातो. बर्फ वितळलं की पाणी आत शिरेल, रात्री गोठेल, दिवसा सुटेल. मग तो पडेल, आणि जिथे पडेल तिथे आज खाटा आहेत. खाटा तिथे आल्या त्या माझ्या पत्रामुळे. मला झोप येत नाही. जेवताना मी भिंतीकडे बघते आणि ती कुठे कलेल याचा हिशेब करते.

जुन्या वास्तूंच्या कचेरीत गेले. म्हणाले, बर्फ उतरल्यावर माणूस पाठवू, कोणत्या वर्षी ते सांगत नाहीत. दारेजानकाकूंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. "काकानं शिकवलं ना तुला हे? सांग त्याला, जळू नकोस, एक खाट तुझ्यासाठी पण ठेवते."

माझं त्या ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील, कारण मनोरा पडेल असं खोर्गियानी माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणणं त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही. वरचा भाग उतरवायला हवा. हात फक्त पल्यानींच्या घरात आहेत, आपल्या घरात तुम्ही एकटे. शपथेचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.

तुमची माकडी

*

मुर्शेली,
२ मार्च

त्सिरा,

तुझं पत्र वाचून मी चुलीत टाकलं. मग काढलं. एक कोपरा जळला आहे, पण तुझं नाव शाबूत आहे.

वाखो समोर बसून दारू पीत होता. त्याला म्हटलं, "जा, सांग तिला, काकानं पत्र फेकून दिलं." तो म्हणाला, "मी असले निरोप नेत नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं निरोपात पदरचं घातलं नाही.

पुष्कळ दिवस मी तुझ्याशी भांडत होतो. गोठ्यात, चुलीपुढे, देवळात. एवढंसं पोर पडद्यावर चित्रं हलवतं आणि मला सांगतं की माझा मनोरा उभा राहणार नाही! शत्रूनं ज्यांना हरवलं त्यांचे मनोरे उतरवले जात. आपणहून आपला मनोरा उतरवणारं घराणं मी पुस्तकात वाचलेलं नाही, आणि मी कमी वाचलेलं नाही. मग एका सकाळी गाईला पाणी पाजायला गेलो तर गवत खाली पडलेलं. मी घट्ट कोंबलेलं गवत. वाऱ्यानं पडलं नव्हतं. भेगेनंच त्याला सोडलं होतं. मी हात घातला तो मनगटापर्यंत गेला.

परवा देवळाखालच्या मैदानात बर्फाचा मनोरा रचला. पोरांनी यंदा त्याला तुझ्या खेळाच्या जाहिरातीतल्यासारख्या कमानी केल्या. दोन्ही आळ्या काठ्या घेऊन उभ्या होत्या आणि माझ्या पेल्याची वाट बघत होत्या, कारण मी बोलल्याशिवाय कोणी ढकलत नाही. मी पेला उचलला आणि म्हणालो:

"लोकहो, आमचा मनोरा कोणी जिंकला नाही हे तुम्ही माझ्याकडून इतकं ऐकलंय की तुमच्या कुत्र्यांनाही पाठ असेल. ते खरं आहे. त्याला कोणी जिंकलं नाही. तो म्हातारा झालाय. बर्फ वितळलं की तो दारेजानच्या ओसरीवर पडेल आणि तिथे झोपलेली माणसं आमच्या दगडांखाली मरतील. आमच्या आजोबांनी पल्यानींची माणसं मारली, पल्यानींनी आमची मारली, पण जागी असताना, समोरासमोर. झोपलेल्या माणसाला मारणारा मनोरा मला नको. त्याच्या नावानं मी पेला उचलणार नाही."

दारेजान पुढे आली.

"किती प्यालास, बिमुर्झा?"

"अजून थेंबही नाही."

यावर मात्र सगळे हादरले.

"पोरीच्या खेळात पडतो म्हणून?"

"मी कोंबलेलं गवत भेगेनं टाकून दिलं म्हणून."

"मग भरभराट भरभराट करून नाचलास कशाला?"

"नाचलीस तू. मी कुढत होतो."

कोणीतरी हसलं. ती नाही हसली. हळू विचारलं, पण मला ओठांवरून कळलं, "कुठे पडेल?"

"तुझ्या उशांवर."

मग मी ते म्हटलं. त्सिरा, मी राजांवर बोललो आहे, मेलेल्यांवर बोललो आहे, पण एवढं जड वाक्य कधी उचललं नव्हतं. म्हणालो, "पल्यानी, आमच्या मनोऱ्याला हात लावा. शपथ मी मोडतो. संताला माझा बैल देतो, आणि पाप लागलं तर ते माझ्या घराला लागू दे, तुमच्या नाही. तुमच्याशिवाय माझ्याकडे हात नाहीत."

ती म्हणाली, "आमच्या आजोबांना जे जन्मभर जमलं नाही, ते तू आम्हाला बैल कापून, वर जेवू घालून करायला सांगतोस?"

"हो."

"आणि परत बांधायला कोण येणार?"

"तुम्हीच. दुसरं कोण आहे?"

तिनं हातातली काठी बर्फात रोवली आणि तरातरा घराकडे निघाली. थोड्या वेळानं जर्मन दिसले, डोक्यावर गाद्या घेऊन देवळाकडे येताना. त्यांना वाटलं हाही आमचा सणच आहे. एकानं फोटोही काढला.

या सगळ्यात बर्फाचा मनोरा कधी पडला कोणी पाहिलं नाही. यंदा तो कुणाकडे पडला हे गावात एकालाही सांगता येत नाही.

बुस्काला काल देवळात नेलं. बैल गरीब होता. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

रस्त्यावर ट्रक चालू लागले की परांचीची लाकडं येतील, मग पल्यानींची माणसं चढतील. तू तुझी दगडांची चित्रं घेऊन ये. लवकर ये. हल्ली मी गोठ्यात जाताना त्या कोपऱ्याखालून चालत नाही, आणि याची मला शरम वाटते.

काका

*

त्बिलिसी,
२० मार्च

प्रिय काका,

प्रत्येक भिंतीच्या प्रत्येक दगडाचं चित्र कागदावर छापलं आहे. पेटी इतकी जड झाली आहे की वाखो म्हणतो, हिचं वेगळं तिकीट लागेल. रजा मिळाली आहे. खाली पाऊस सुरू झाला, म्हणजे वर काय होत असेल ते मला कळतं. रोज सकाळी रस्त्याच्या चौकीला फोन करते आणि रोज तोच माणूस तेच सांगतो, "ताई, हिमकडा अजून रस्त्यावरच आहे."

साहेबांना म्हटलं, निदान खेळात तरी तो खरा जिथे पडेल तिथे पडू द्या. ते म्हणाले, घरावर मनोरा पडला तर खेळणाऱ्याला वाईट वाटतं. म्हणून खेळात तो दरीतच पडेल. मी भांडले नाही. मला आता खेळातल्या मनोऱ्याची काळजी उरलेली नाही.

तुम्ही कोपऱ्याखालून चालत नाही यात शरम कसली? चालू नका. माझी शपथ.

त्सिरा

*

मुर्शेली,
९ एप्रिल

त्सिरा,

पडला.

सकाळी, गाईचं दूध काढत असताना. मला ऐकू आलं नाही. जमीन हलली आणि गाईनं बादली लाथाडली. बाहेर आलो तर आकाश जास्त दिसत होतं.

वरचा अर्धा गेला. ओसरीच्या खोलीचा चुरा झाला, खाटा चपट्या झाल्या. आत कोणी नव्हतं. मांजरही नव्हतं. धूळ बसल्यावर दारेजान मधोमध उभी होती, डोक्याचा रुमाल पांढरा. माझ्याकडे बघून ओरडली, "आली बाई भरभराट!"

आम्ही दोघं त्या दगडांवर बसून राहिलो. ती शपथेनं ज्यांना शिवली नव्हती त्या दगडांवर बसली होती, हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. उठली नाही.

रस्ता परवा उघडतो म्हणतात. चित्रं आण.

काका

*

मुर्शेली,
२१ सप्टेंबर

त्सिरा पोरी,

तू गेल्यापासून पाऊस नाही, म्हणून काम थांबलं नाही. तुझे कागद आता चुन्यानं इतके माखले आहेत की दारेजान त्यांना पिठात लोळवलेले पाव म्हणते. तिचे दोन्ही मुलगे वर असतात, मी खाली बसून चित्र बघतो आणि ओरडतो, "तो नव्हे, त्याच्या शेजारचा, कान तुटलेला!" ते मला उलट काय म्हणतात ते मला ऐकू येत नाही आणि ऐकूही नये.

तुझा खेळ बघून बरीच पोरं येतात. खालच्या गावांतून, आणि परदेशातूनही. फोन उंच धरून मनोऱ्याशी जुळवतात. एकानं मला विचारलं, "आजोबा, तो पडला ती दरी कुठे आहे?" मी त्याचा हात धरून दारेजानच्या अंगणात नेला आणि म्हटलं, "ही."

दारेजाननं मला तो खेळ दाखवला. मी शेवटपर्यंत पाहिला. मनोरा छान आहे, प्रत्येक दगड ओळखीचा. पण शेवटी तो दरीत जातो तेव्हा आत कोणीतरी हातानं ढकलल्यासारखं वाटतं. माणूस असा पडत नाही, आणि मनोराही नाही. तो आपल्या माणसांच्या अंगावर पडतो. हे मी परवाच्या बारशात पेला घेऊन सांगितलं, तर दारेजान म्हणाली, "मग मोठा पराक्रमच म्हणायचा!" आणि सगळे हसले.

आता मुद्द्याचं. वरच्या कमानीपाशी आलो आहोत आणि एक दगड जास्त झाला आहे. मोठा, तांबूस, एका बाजूला धुराचा काळा पट्टा. तुझ्या सगळ्या चित्रांत शोधला, चारही भिंतींत. नाही. दारेजाननं तो उचलला, उलटा केला आणि हसली. म्हणाली, "अरे, हा माझ्या ओसरीच्या चुलीमागचा. तुझ्या ढिगात मिसळून गेला. दे इकडे."

मी दिला नाही. तिच्या थोरल्याच्या हातात ठेवला आणि वर बोट दाखवलं. तो आईकडे बघत राहिला. ती रुमाल नीट करत राहिली. मग त्यानं तो कमानीच्या मधोमध बसवला. नीट बसला. अंगाचाच असावा तसा.

म्हणून हे पत्र. तुझ्या खेळातला मनोरा आता चुकलेला आहे, त्सिरा. तो दुरुस्त करून घे.

तुझा,
बिमुर्झाकाका